काचेस काच जुळवितांना

ज्यांचें बालपण खेड्यांत वा जुन्या चाळींत गेलें, त्यांना एक खेळ आठवत असेल. फुटलेल्या बांगडीचे तुकडे मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावे, मऊ झाले कीं वाकवून टोकें जुळवावीं, आणि कडींत कडी ओंवून दाराला तोरण करावें. येथें कळंबास माझ्या बहिणीनें केलेलें असें तोरण समुद्राच्या वाऱ्यावर दिवसभर किणकिणत असे. घरीं काच जुळविण्याच्या ज्या कलेविषयीं मी आज बोलणार आहें, तिचें तत्त्व याहून फारसें निराळें नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर करतों. यांत वाळूची काच करावयाची नसते. शुद्ध वाळू वितळण्यास सुमारें १७०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. सोडा व चुना घातल्यानें हें मान उतरतें, तरी तें काम कारखान्याचें. तळेगांवचा पैसाफंड काच कारखाना १९०८ सालीं व ओगलेवाडीचा १९१६ सालीं निघाला, तो त्यासाठीं. आपण तयार काच कापून, तुकड्यावर तुकडा ठेवून, भट्टींत एकजीव करावयाची. कापतांना डोळ्यांस चष्मा हवाच. भट्टी विजेची व उष्णतामापक असलेली घ्यावी. स्वयंपाकघरांतला ओव्हन सुमारें २५० अंशांवर थांबतो, आणि खिडकीची काच एकजीव व्हावयास ८३० अंशांच्या आसपास जावें लागतें. भट्टींतील फरशीस आधीं चिनीमाती व अॅल्युमिना यांचा पातळ लेप द्यावा, नाहींतर काच तिलाच कायमची चिकटते.

आतां माझी फजिती सांगतों. पत्नीच्या निधनानंतर तिच्या पेटींत साध्या हिरव्या बांगड्यांचा एक कोरा डझन निघाला. त्यांतल्या चार मीं खिडकीच्या दोन काचांमध्यें ठेवून मुलीसाठीं तबकडी केली. निघाली तेव्हां दृष्ट लागावी अशी होती. तिसऱ्या रात्रीं टण्‌दिशीं आवाज झाला. सकाळीं पाहतों तों बांगड्यांच्या कडेकडेनें चीर! दोष भट्टीचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. तापल्यानें काच प्रसरण पावते व निवतांना आकुंचन पावते, पण सर्व काचा सारख्या प्रमाणांत नव्हे. वितळतांना भिन्न काचा गोडीनें एक होतात. निवाल्यावर एक अधिक आखडते, दुसरी कमी, आणि ती ओढाताण आंतच कोंडून राहते. म्हणून एका कामांत एकाच जातीची काच, शक्य तर एकाच तावदानाची, वापरावी. शंका असल्यास ध्रुवित प्रकाशाच्या दोन पटलांमध्यें नमुना धरून पाहावा. पटलें फिरवून अंधार केल्यावर जोडाभोंवतीं उजेड फुटला, तर ताण आहे असें समजावें.

निवविणें ही दुसरी परीक्षा. सुमारें ५५० अंशांवर काच तासभर स्थिर ठेवावी, मग सावकाश उतरूं द्यावी. नवशिका येथेंच उतावीळ होतो. भट्टी हातास गार लागेपर्यंत झांकण उघडूं नये. मी सायंकाळीं पेटवितों आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं उघडतों.

उरलेल्या आठ बांगड्या गेल्या हिंवाळ्यांत मीं एकमेकींशींच जुळविल्या, तावदानाचा अंशही न घालतां. तळहाताएवढी, जराशी वेडीवांकडी चकती झाली. मुलीच्या खिडकींत ती अद्याप टांगलेली आहे.