अनियमित मिळकत आणि घराचे अंदाजपत्रक

टिटवाळ्याचा बाजार पंचांगावर चालतो. मंगळवारी व संकष्टीला स्टेशन ते मंदिर या रस्त्यावर रिक्षाला उसंत नसते. अंगारकीला तर विचारूच नये. एरवी तोच रिक्षाचालक स्टँडवर नंबराची वाट पाहत बसतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेकजण नोकरीत स्थिरावले. पण रिक्षा, शिवणकाम, वायरिंग, मंडप, खासगी शिकवणी यांवर घर चालविणारेही थोडे नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

अशा मिळकतीत फसगत होते ती बहुधा चांगल्या दिवशी. अंगारकीची कमाई हातात येते आणि तीच आपली खरी मिळकत, असे मन धरून चालते. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, मंदिरे बंद झाली. राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबरला. भाविकांवर पोट असणाऱ्यांनी ते आठ महिने कसे काढले, हे येथे कोणाला सांगावयास नको.

म्हणून लक्ष्य ठरवावे ते 'किती मिळावे' यावरून नव्हे, 'किती लागते' यावरून. समजा, एका रिक्षाचालकाचा घरखर्च महिना १८,००० रुपये आहे. विमा, पासिंग, टायर आणि जूनमधील वह्या-पुस्तके हा वर्षाचा ३६,००० चा खर्च. म्हणजे महिना ३,०००. हप्ता ७,००० व बचत २,०००. एकूण ३०,००० झाले. येथे बहुतेकजण तिसाने भागतात. परंतु आजारपण, लग्नकार्य, गाडीचे काम वजा जाता महिन्याला चोवीसच दिवस हाती लागतात. तेव्हा गॅसचा खर्च वगळून रोजचे लक्ष्य १,२५० होते, १,००० नव्हे. हे रोज साधणार नाही. आठवड्याला ७,५०० असे धरले, तर रिकामा बुधवार भरलेल्या मंगळवारी भरून निघतो.

लक्ष्यापेक्षा जास्त आलेला पैसा वेगळ्या बचत खात्यात टाकावा आणि मंदीच्या महिन्यात तेथूनच घराला 'पगार' द्यावा. घरखर्च मात्र गेल्या बारा महिन्यांतील सर्वांत कमी कमाईच्या महिन्यावर बेतावा. त्या खात्यात दोन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम साठेपर्यंत नवा हप्ता घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भगवान बुद्धांनी सिगाल या गृहपतिपुत्राला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले होते: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा आपत्तीसाठी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आजच्या कुटुंबाला हे प्रमाण जसेच्या तसे झेपणार नाही. तो उपदेश संपन्न गृहपतीच्या घरातला आहे. परंतु धंद्याचा पैसा घरखर्चात मिसळू द्यायचा नाही, ही त्यातील शिस्त आजही लागू पडते. गॅसचे पैसे भाजीत गेले की दुसऱ्या दिवशी सावकार आठवतो.

दुसरा उपाय बाबासाहेबांच्या चरित्रात सापडतो. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा अस्पृश्य म्हणून कामे सहजी मिळत नव्हती. जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा अर्धवेळ शिकवीत. वकिली सोडली नाही. तिच्या जोडीला एक बांधील मिळकत ठेवली. शाळेच्या मुलांची महिन्याच्या ठरावाने ने-आण करणारा रिक्षाचालक, किंवा एखाद्या सोसायटीचे देखभालीचे काम धरून ठेवणारा वायरमन हेच करीत असतो. असे एक काम दर थोडा कमी असला तरी सोडू नये.

बचत कोठे ठेवावी, हेही पाहावे. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत दरमहा ठरलेली रक्कम भरावी लागते आणि चुकल्यास दंड बसतो. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत वर्षाला किमान ५०० रुपये भरले की खाते चालू राहते. बाकी रक्कम दीड लाखाच्या मर्यादेत जमेल त्या महिन्यात भरता येते. मुदत मात्र पंधरा वर्षांची असल्यामुळे अडीअडचणीचा पैसा त्यात घालू नये. तो साध्या बचत खात्यातच असू द्यावा.