रणभूमीवरून लेखनाकडे : नितीन गोखले

• पत्रकार म्हणून सुरुवात : १९८३, गुवाहाटी. पुढे दोन दशकांहून अधिक काळ ईशान्येतल्या बंडखोरीचे वार्तांकन.

• युद्धे : कारगिल (१९९९); श्रीलंकेतील एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेविरोधी अखेरचे युद्ध (२००९ पर्यंत), एनडीटीव्हीसाठी.

• पुस्तके (मूळ इंग्रजी) : 'श्रीलंका : फ्रॉम वॉर टू पीस' (२००९). सियाचीनवरील 'बियाँड एनजे ९८४२' मध्ये सैनिकांच्या आठवणींना मोठी जागा. बर्फाशी झुंज त्यातून कळते. 'रॉ' या भारतीय गुप्तचर संस्थेचे संस्थापक रामेश्वरनाथ काव यांचे चरित्रही.

• भाष्यकार : २०१५ मध्ये 'भारतशक्ती' हे संरक्षणविषयक व्यासपीठ; नंतर 'स्ट्रॅटन्यूज ग्लोबल'.

• युद्धवार्तांकनातला एक फरक महत्त्वाचा : सैन्याची अधिकृत परवानगी घेऊन सोबत जाणारा युद्धवार्ताहर पकडला गेल्यास त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो (तिसरा जिनिव्हा करार, १९४९). स्वतंत्रपणे गेलेला पत्रकार नागरिक मानला जातो.

• युद्धाशी संबंधित आणखी एक करार, तारापूरच्या वाचकांसाठी : येथील अणुवीज केंद्र १९६९ पासून सुरू. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा भारत-पाकिस्तान करार ३१ डिसेंबर १९८८ चा. प्रकल्पांच्या याद्यांची देवाणघेवाण दरवर्षी १ जानेवारीला होते; ती १९९२ पासून सुरू आहे, कारगिलनंतरही थांबली नाही.