फुकट चार्जिंगसाठी गाडी पुन्हा बुक करावी का?

बुक केलेली इलेक्ट्रिक गाडी दारात यायची असते, तेवढ्यात दुसरी कंपनी वर्षभर मोफत चार्जिंग जाहीर करते आणि घरात दोन तट पडतात. मुलं म्हणतात, "अब्बा, बुकिंग रद्द करा." सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर आली, तेव्हा सुरुवातीच्या ग्राहकांना अशीच सवलत होती: एक वर्ष, सार्वजनिक चार्जिंग केंद्रांवर.

कागद-पेन्सिल घेऊन बसा. तिची बॅटरी ३८ युनिटची. एका चार्जमध्ये २५० किलोमीटर धरले, तर महिन्याच्या १,००० किलोमीटरला साधारण १५० युनिट लागतात. घरची वीज १० रुपये युनिट धरा: वर्षाला १८,००० रुपये. सवलतीची किंमत एवढीच.

आता दुसरी बाजू. नव्या गाडीसाठी तीन महिने थांबावं लागलं, तर जुनी पेट्रोल गाडी चालणार. लिटरला १५ किलोमीटर आणि १०५ रुपये भाव धरला, तर महिन्याला ७,००० रुपये. विजेपेक्षा ५,५०० जास्त. तीन महिन्यांत १६,५०० गेले. केंद्रावरची रांग आणि बुकिंगची कापली गेलेली रक्कम वेगळीच.

इमारतीत प्लग नसेल, तर गोष्ट निराळी. बाहेर युनिट २० रुपयांना पडत असेल, तर हीच सवलत ३६,००० रुपयांची होते. केंद्र घराजवळ असेल, तर जरूर विचार करावा.

पण सवलत एका वर्षाची, गाडी दहा वर्षांची. बॅटरीची हमी, सर्व्हिस सेंटरचं अंतर आणि अम्मींना सहज चढता-उतरता येईल का, हे आधी पाहा. फुकट चार्जिंग त्यानंतर.