श्रीवर्धनची वाडी, घरची चूल आणि आपले तरुण

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दिवेआगर-श्रीवर्धनकडील सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीचे नवे झाड लावले की उत्पन्न हाती यायला पाच-सात वर्षे जातात. तेवढा काळ घर कशावर चालवायचे? ज्यांचा मुलगा आखातात नोकरीला होता त्यांचे निभावले. बाकीच्यांना जमिनीचे दलाल गाठू लागले. समुद्राजवळच्या जागेला मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक नेहमीच तयार असते. आपल्या कोकणी मुस्लिम बिरादरीपुढे हा सवाल अजून आहे.

वाडी विकू नये, असे आमचे मत आहे. पण पुन्हा नुसती सुपारी लावूनही बसू नये. एकाच मालावर दुकान चालवणारा एका खराब सीझनमध्ये बसतो, हे आम्ही कापडबाजारात अनेकदा पाहिले आहे. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची 'लाखी बाग' जाऊन पाहावी. नारळ साडेसात मीटर अंतरावर, सावलीला जायफळ आणि दालचिनी, खोडावर काळी मिरी, मधल्या जागेत केळी, अननस. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जायफळाची 'कोकण सुगंधा' आणि दालचिनीची 'कोकण तेज' या जाती याच मुलखासाठी काढल्या आहेत. केळी लवकर पैसा देते, जायफळ थांबायला लावते. पालापाचोळा वाडीतच कुजवला की विकतचे खत कमी लागते.

आता चुलीकडे येऊ. मुरुड-जंजिरा पाहून पर्यटक आगरदांड्याहून बोटीने दिघीला उतरतो आणि पुढे श्रीवर्धनला जातो. भूक लागली की त्याच्यापुढे बहुधा पनीर आणि चायनीज येते! तांदळाची भाकरी, सांदण, नारळाच्या दुधातले मासळीचे कालवण, अखनी हे सारे आपल्या घरांत रोज नाही तरी आठवड्याला होते. पण ते विकायची चीज आहे, असे कोणाच्या मनात येत नाही. मुंब्रा, भिवंडी, मुंबईची आपली कुटुंबे तर हलाल जेवण आणि बायकामुलांना मोकळेपणाने बसता येईल अशी जागा शोधतच असतात. ज्या वाडीतली मिरी त्या कालवणात पडली ती पाहुण्याला दाखवली, तर तो जाताना पावशेर घेऊनही जातो.

तरुणांना शेतीची लाज वाटते, असे बुजुर्ग म्हणतात. आम्हाला ते पुरते पटत नाही. सातबाऱ्यावर दहा चुलत्यांची नावे आणि हिशेब एकट्या बापाच्या खिशात, अशा वाडीत मुलगा कशाच्या भरवशावर थांबेल? तो व्हिसाच शोधणार. घरातल्यांनी बसून ठरावीक वर्षांसाठी वाडी कोण चालवील आणि कोणाचा हिस्सा किती, हे कागदावर आणावे. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा हुक्म सूरह बकरामध्ये आहे, आणि आपण मात्र भावाभावांत लिहायला शरमतो.

दुसरी चूक हिशेबाची. घरचा नारळ, घरची मिरी फुकट धरून थाळीचा भाव लावतात. आम्ही दुकानातला तागा घरी शिवायला नेला तरी वहीत लिहितो. समजा, थाळी ३०० रुपयांची आणि पाहुणे १०, तर गल्ल्यात ३००० आले. त्यातून मासळी, तांदूळ, गॅस, बाजारभावाने घरचा माल आणि रांधणाऱ्या बाईची मजुरी वजा करून जे उरेल तोच नफा. आई-बहिणीने रांधायचे आणि गल्ला मुलाने सांभाळायचा, असा धंदा आमच्या मते दोन सीझनही टिकणार नाही. त्यांचा हिस्सा वेगळा काढावा.

राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले असून नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. जेवण विकायचे तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणीही हवी. कर्ज काढून खोल्या बांधायची घाई मात्र करू नये. व्याजाचा बोजा घेऊन पावसाळ्याचे रिकामे महिने काढणे कठीण. आधी फोनवर ऑर्डर घेऊन फक्त दुपारचे जेवण, शनिवार-रविवार, एक सीझन करून पाहावे. रमजानमध्ये दुपारची चूल चालू ठेवायची की बंद, ते घरातल्या बायकांना विचारून ठरवावे.