खजिना विहिरीत, मालकी माळावर

बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे सहा किलोमीटरांवर असलेल्या खजाना विहिरीच्या काठी उभे राहिल्यावर स्थापत्यकलेचे रसिक चिरेबंदी बांधणी पाहतात आणि इतिहासाचे अभ्यासक निजामशाही आठवतात. मला मात्र वर्षानुवर्षे एकाच प्रश्नाने तेथे खेचून नेले आहे, तो असा, की भोवतालची शिवारे करपलेली असताना हे पाणी येते तरी कोठून?

मुर्तजा निजामशहाच्या अमलात, हिजरी ९९१ मध्ये, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ही विहीर बांधविली. स्थपती म्हणून राजा भास्कराचे नाव घेतात. सरकारी खजिन्यात भरावयाचा महसूल खानाने पाण्यासाठी खर्ची घातला, ही आख्यायिका खरी असो वा नसो, महसुलाचा याहून चांगला विनियोग मला तरी ठाऊक नाही. विहिरीत तीन भुयारी नळ आहेत. त्यांपैकी दोहोंतून पाणी येते व तिसऱ्यातून ते खालच्या अंगाच्या शेतीकडे जाते, असे परंपरा सांगते.

या चमत्काराचे मूळ बालाघाटाच्या काळ्या पाषाणात आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा प्रदेश घडला. वरचा मुरूम, भेगाळलेला खडक आणि सच्छिद्र मांजऱ्या दगड पावसाचे पाणी जिरवून घेतात. पण खाली अभेद्य कातळ किंवा दोन थरांमधील तांबड्या मातीचा पट्टा आडवा आला, की तेच पाणी दिशा बदलून उताराकडे सरकते आणि जेथे तो थर उघडा पडतो तेथे उमाळा फुटतो. अशा उमाळ्यांवर ओलसर दऱ्या, ओढ्यातले डोह, लव्हाळ्याच्या चिखलट जागा व त्यांतले बेडूक-पाखरे जगतात. बुलढाण्यातील लोणारचे खारे सरोवर जगप्रसिद्ध असले, तरी त्याच्या काठावरील गोड्या पाण्याची धार हीदेखील याच भूगर्भातील व्यवहाराची साक्ष देते.

असा पाणथळ भाग तपासावयाचा, तर पाण्याकडे पाहत बसून भागत नाही. भोवतालच्या विहिरींत दोर सोडावा लागतो. जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर त्यांची पातळी मोजावी. उमाळ्याची पातळी त्यांहून खाली आणि पाण्याचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असेल, तर उमाळ्याला पुरवठा भूजलातून होत असल्याचा तर्क बळावतो. पाण्याची क्षारता आणि त्यातील ऑक्सिजन-हायड्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाण यांवरून बाष्पीभवन झालेले तलावाचे पाणी वेगळे ओळखता येते. महाराष्ट्रात निरीक्षण विहिरींचे दप्तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे. माझ्या मते, कोणत्याही जीर्णोद्धाराचा अर्ज करण्यापूर्वी ते दप्तर चाळणे सक्तीचे असावे.

कायद्याची हकीकत थोडक्यात सांगतो. पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झाला. नांदूरमध्यमेश्वर २०१९ मध्ये व लोणार २०२० मध्ये त्या कराराच्या यादीत आले. भारताचे पाणथळ जागांचे नियम २०१७ चे, आणि महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा असून तो २०१४ मध्ये अमलात आला. साठ मीटरांहून खोल विहिरीला तो वेगळे धरतो. मात्र २०१७ च्या नियमांनी पिण्यासाठी वा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळल्यामुळे खजान्यासारखी रचना एका कायद्याच्या कुंपणाबाहेरच राहते.

सलाबतखानाच्या चिऱ्यांची डागडुजी पुरातत्त्वप्रेमी हौसेने करतील. परंतु त्या नळांना पाणी पुरविणारा माळ बोअरवेलने पोखरला गेला, तर उरेल ती कोरडी कलाकृती. म्हणून ग्रामसभेने वरच्या अंगाच्या शिवाराचा नकाशा तयार करावा, तेथील बोअरची खोली नोंदवावी, पिकांचा ताळेबंद पावसाशी ताडून पाहावा आणि माथ्यावरील माळ जिरवणीसाठी राखून ठेवावा. रक्षणाची हद्द विहिरीच्या कठड्यापाशी आखणे हे मुनीम नेमून तिजोरीची वाट मोकळी सोडण्यासारखे आहे. ती हद्द पाणी जेथे मुरते तेथवर गेली, तरच डागडुजीच्या खर्चाला अर्थ आहे.