कैद्याचे काय करावयाचे?

ज्या खेळाला पट नाही, सोंगट्या असल्याच तर नावापुरत्या, आणि ज्यात अखेरपर्यंत कोणी जिंकत नाही की हरत नाही, अशा खेळासाठी चार-पाच प्रौढ माणसे दर गुरुवारी कामावरून परस्पर येऊन रात्री उशिरापर्यंत एका टेबलाभोवती बसतात आणि त्यातला निम्मा वेळ लढाईत नव्हे, तर आपसांतल्या वादात घालवतात, याचा उलगडा नॉटिंगहॅममधल्या एका पबच्या माडीवर त्यांच्या शेजारी बसल्यावाचून होणे कठीण. मला तेथे नेले माझ्या भाच्याने. "मामा, तुम्ही नुसतं बघा. मधेच काही विचारायचं नाही," ही अट त्याने जिन्यातच घातली होती.

खेळाची रीत वरकरणी साधी आहे. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यावयाचे. गेम मास्टर, म्हणजे या मंडळींचा सूत्रधार, प्रसंग वर्णन करतो. ज्याने त्याने आपले पात्र काय करील ते सांगावयाचे. आणि जेथे कृती साधेल की फसेल याची शाश्वती नसते, तेथे वीस पैलूंचा फासा टाकून निकाल घ्यावयाचा. तलवार लागली की नाही हे फासा सांगतो. ती उगारावी की नाही, याबाबत मात्र तो काही बोलत नाही.

या उणिवेची जाणीव खेळाच्या जनकांना प्रथमपासून असावी. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, तेव्हाच प्रत्येक पात्राला सुव्यवस्था, अंदाधुंदी किंवा या दोहोंमधली तटस्थता यांपैकी एक पक्ष पत्करावा लागे. आणि ही कल्पना पोल अँडरसन व लंडनचे मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुत कादंबऱ्यांतून आलेली होती. पुढे तिच्यावर सुष्ट-दुष्टाची दुसरी आडवी रेघ पडली आणि 1978 च्या नियमपुस्तकात नीतीचे नऊ कप्पे तयार झाले. धर्मयोद्ध्याला, म्हणजे पॅलाडिनला, तर त्या पुस्तकाने इतके करकचून बांधले होते की, जाणूनबुजून एक दुष्कृत्य केले की त्याचे पद तत्काळ आणि कायमचे खालसा! मनुष्याचे शील सेवापुस्तकातल्या शेऱ्याप्रमाणे एका रकान्यात नोंदता येते, असे मानणारी ही व्यवस्था मला तरी बरीचशी कारकुनी वाटते.

ब्रिटनमध्ये हा खेळ रुजला तो 1975 मध्ये लंडनमधल्या एका फ्लॅटमध्ये इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक यांनी काढलेल्या 'गेम्स वर्कशॉप'मुळे. युरोपातील विक्रीचा मक्ता त्यांना मिळाला होता. या कंपनीचे मुख्य ठाणे आता नॉटिंगहॅमलाच आहे. तिने 1986 साली स्वतःचा जो 'वॉरहॅमर फँटसी रोलप्ले' काढला, त्यात नायक म्हणून उंदीर पकडणारा आणि थडगी उकरणारा अशी माणसे वाट्याला येऊ शकत. इंग्रजांच्या स्वभावाला, निदान मला भेटलेल्या इंग्रजांच्या, तेजःपुंज वीरांपेक्षा ही मंडळी अधिक मानवत असावीत.

त्या गुरुवारी टेबलावर प्रश्न होता एका कैद्याचा. रानात दरोडेखोरांच्या टोळीशी झालेल्या चकमकीत एक पंधरा-सोळा वर्षांचा पोर हाती लागला होता. धर्मयोद्ध्याचे पात्र चालविणारे गृहस्थ निवृत्त बसचालक होते. त्यांनी त्या पोराला अभयवचन देऊन टोळीच्या तळाचा ठावठिकाणा वदवून घेतला. "आमच्यापैकी कोणीही तुला हात लावणार नाही," असे त्यांचे शब्द होते. रात्र पडली, म्हणजे गेम मास्टरने ती पडल्याचे सांगितले, आणि पहारे वाटले गेले. तेवढ्यात चोराचे पात्र घेतलेल्या परिचारिका बाईंनी कागदाच्या कपट्यावर काही लिहून ते पुठ्ठ्याच्या आडपडद्यापलीकडे सरकवले. थोड्या वेळाने माझ्या भाच्यानेही एक चिठ्ठी पाठवली. गेम मास्टरने दोन्ही वाचल्या, खिशात टाकल्या, पडद्यामागे एक फासा टाकला आणि जाहीर केले की, सकाळी पोर गळा चिरलेल्या स्थितीत आढळला आहे.

बसचालकांचा चेहरा लालबुंद झाला. बाईंनी कृत्य नाकारले नाही; सोडला असता तर तो पोर टोळीला खबर देता, आणि आपले पात्र असेच वागणार, अशी त्यांची कैफियत होती. या खेळात हा बचाव इतका जुना आणि इतक्या वेळा ऐकलेला आहे की, गेम मास्टरने तो ऐकताच हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि खेळ दहा मिनिटे तहकूब केला. मला त्याच्या कामाचे खरे कसब दिसले ते येथे. त्याने प्रथम बसचालकांना विचारले की, रागावला आहे तो योद्धा, की तुम्ही? ते क्षणभर थांबून म्हणाले, "दोघेही, पण मी अधिक." मग तो बाईंकडे वळला. पात्र असेच वागणार हे कबूल, परंतु ते पात्र निर्माण कोणी केले, आणि त्या रात्री त्याला दुसरे काही सुचूच शकले नसते काय, एवढेच त्याने पुसले. टेबलाच्या मधोमध फुली काढलेले एक कार्ड असते; प्रसंग असह्य झाला तर कोणीही त्याला बोट लावावे, कारण न विचारता तो भाग गाळला जातो. गेम मास्टरने ते बसचालकांपुढे सरकवले. त्यांनी ते परत सारले.

त्यांना प्रसंग पुसून नको होता. त्यांना निवाडा हवा होता. वाद रंगला तो "आमच्यापैकी कोणीही" या शब्दांवर. सोबत्यांना न विचारता त्यांच्या वतीने वचन देण्याचा मुखत्यारनामा योद्ध्याला कोणी दिला होता, हा बाईंचा सवाल बिनतोड होता; उलट, वचन उच्चारले जात असताना त्या समोर बसून गप्प राहिल्या होत्या, हेही खरे होते. अलीकडच्या नियमांत पॅलाडिनचे पद आपोआप जात नाही; व्रतभंगाचे प्रायश्चित्त गेम मास्टरच्या मर्जीवर सोपवलेले असते. त्याने शिक्षा द्यावयाचे टाळले. तेव्हा बसचालकांनी स्वतःच ती मागून घेतली: पोराच्या आईला शोधून तिच्यापुढे रुजू होईपर्यंत आपल्या योद्ध्याच्या हाताने कोणाचीही जखम भरून येऊ नये. याचा फटका पुढच्या लढाईत सगळ्यांनाच बसणार, हे ध्यानात येताच बाई प्रथमच अस्वस्थ दिसल्या.

द्यूतसभेची कथा ऐकत वाढलेल्या माणसाचे लक्ष अशा वेळी फासे टाकणाऱ्यांवरून हलून आसनांवर बसून राहिलेल्या वडीलधाऱ्यांकडे जाते. ट्राममध्ये मी भाच्याला त्याच्या चिठ्ठीबद्दल विचारले. त्या रात्री दुसरा पहारा त्याच्या जादूगाराचा होता. त्याला पाऊल वाजलेले ऐकू आले होते. आणि चिठ्ठीत त्याने लिहिले होते की, मी शेकोटीत लाकूड सारतो आणि पाठ फिरवतो. का, तर मागच्या बैठकीत त्या चोराने त्याला पुरातून ओढून काढले होते.

"त्यांना सांगणार आहेस?" मी विचारले.

"आत्ताच नाही," तो म्हणाला. "आणि मामा, पुढच्या गुरुवारी तुम्ही त्यांच्याशेजारी बसाल, तेव्हा तुम्हीही काही बोलू नका."

हे बंधन मी तोंडी तरी पाळले आहे. त्या गृहस्थांना मराठी येत नाही, एवढ्या भरवशावर येथे लिहून ठेवतो.