सीडी-आर तबकडीचे आयुर्मान आणि माहितीचे जतन

प्रस्तावना : इ. स. २००० नंतरच्या दशकात संगणकीय माहिती साठविण्यासाठी सीडी-आर ही एकदाच लिहिता येणारी तबकडी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत प्रबंधांच्या प्रती, व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे, क्षेत्रीय अभ्यासात नोंदविलेल्या ओव्या व मुलाखती अशा तबकड्यांवर आहेत. त्यांपैकी काहींची दुसरी प्रतही नसते. म्हणून सीडी-आरचे आयुर्मान कशावर अवलंबून असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तबकडीची रचना : कारखान्यात छापलेल्या सीडीमध्ये माहिती प्लास्टिकमधील सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते. सीडी-आरमध्ये असे खळगे नसतात. सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेट चकतीवर सेंद्रिय रंगद्रव्याचा थर, त्यावर चांदीचा अथवा सोन्याचा परावर्तक थर आणि त्यावर लॅकरचा पातळ लेप असतो. लेखनाच्या वेळी लेसर किरण रंगद्रव्य तापवून त्यावर खुणा उमटवितो. ज्या संवेदनशीलतेमुळे लेखन शक्य होते, तीच या तबकडीची दुर्बलताही ठरते.

ऱ्हासाची कारणे : सूर्यप्रकाश, उष्णता व आर्द्रता यांमुळे रंगद्रव्याचे हळूहळू विघटन होते आणि खुणा व कोरा भाग यांतील भेद पुसट होतो. सायनिन हे रंगद्रव्य प्रकाशाला तुलनेने लवकर बळी पडते. थॅलोसायनिन अधिक टिकाऊ मानले जाते. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीचा थर काळवंडतो. सोन्याला ही बाधा होत नाही. तबकडीची खालची चकाकणारी बाजूच जपावी, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्या बाजूला जाड प्लास्टिकचे संरक्षण असते. नावाच्या बाजूला मात्र परावर्तक थरावर केवळ काही मायक्रोमीटरचा लेप असतो. टोकदार पेनाने लिहिणे किंवा चिकटपट्टी लावून ओढणे त्यामुळेच अधिक घातक ठरते.

शंभर वर्षांचा दावा : काही उत्पादकांनी सीडी-आरचे आयुष्य १०० ते २०० वर्षे सांगितले. तथापि ही तबकडी १९८८ मध्ये विकसित झाली. एवढ्या कालावधीचा प्रत्यक्ष अनुभव कोणाकडेही नाही. तबकड्या अति उष्ण व दमट वातावरणात ठेवून त्यांचा ऱ्हास मोजला जातो व त्यावरून सामान्य स्थितीतील आयुष्याचे अनुमान काढले जाते. घरातील ऊन, निष्काळजी हाताळणी किंवा सदोष लेखन यांचा हिशेब त्यात नसतो.

छुपा ऱ्हास : सीडीवरील माहितीसोबत दोषदुरुस्तीची संकेतचिन्हेही नोंदलेली असतात. त्यामुळे वाढते दोष वाचनयंत्र दुरुस्त करीत राहते आणि तबकडी निर्दोष भासते. दुरुस्तीची मर्यादा ओलांडली गेली, की फाईल एकाएकी उघडेनाशी होते. आज तबकडी चालते, एवढ्यावरून ती उद्याही चालेल असे म्हणता येत नाही.

जतनाचे उपाय : दीर्घकालीन साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान व २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सुचविली जाते. कोकणातील पावसाळ्यात नैसर्गिक स्थितीत हे प्रमाण राखणे अशक्यप्राय आहे. म्हणून तबकड्या अंधाऱ्या, कोरड्या कपाटात कठीण आवरणात उभ्या ठेवाव्यात व पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने मध्यभागाच्या पारदर्शक कड्यावरच लिहावे. मात्र यामुळे ऱ्हास केवळ लांबतो. एकमेव प्रत असलेल्या तबकड्यांची प्रथम यादी करून त्यांतील माहिती किमान दोन हार्ड डिस्कवर उतरवावी, प्रत मूळाशी ताडून पाहावी आणि त्यांपैकी एक डिस्क अन्य इमारतीत ठेवावी.

समारोप : सीडी-आरचे आयुर्मान एका आकड्यात सांगता येत नाही, रंगद्रव्य, धातू, लेखनाचा दर्जा आणि साठवण यांवर ते ठरते. नव्या संगणकांतून सीडी वाचण्याची सोयही नाहीशी होत चालली आहे. ओवी गाणारी स्त्री हयात नसेल, तर तिचा आवाज पुन्हा नोंदविता येणार नाही. म्हणून तबकडी वाचता येते आहे, तोवरच तिची प्रत करून घेणे हे ग्रंथालयांचे तातडीचे कर्तव्य ठरते.